पहिली फेरी : सुरतेकडील मध्यम-दाब ड्राइव्ह

तापीच्या खोऱ्यातून सुरतेस येणाऱ्या रेल्वेने खानदेशी माणूस पिढ्यान्‌पिढ्या येथे उतरत आला. उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत त्याने बिऱ्हाड थाटले, यंत्रमागावर उमेदीची वर्षे घालविली, आणि त्याच घरांतील पदविका झालेली मुले पुढे नदीमुखाशी हजिऱ्याच्या कारखान्यांत वीजखात्यात रुजू झाली. खत, पोलाद, वायू आणि रसायने यांच्या या पट्ट्यात, कृभकोचा कारखाना 1985 साली उभा राहिल्यापासून, उद्योगाचा विस्तार अखंड चालू आहे. अशा कारखान्यांतील मोठे पंखे, पंप व कॉम्प्रेसर 415 व्होल्टवर नव्हे, तर 3.3, 6.6 किंवा 11 किलोव्होल्टवर चालतात. त्यांना वेगनियंत्रक ड्राइव्ह जोडून पहिल्यांदा फिरविणे, म्हणजेच कमिशनिंग, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आपल्याकडील वीज 50 हर्ट्‌झची असल्यामुळे चार ध्रुवांची मोटार मिनिटास 1500 फेऱ्यांच्या किंचित खालीच फिरते. हवा कमी हवी असली तरी मोटार आपला वेग सोडीत नाही, म्हणून मार्गातील डँपर, म्हणजे झडप, अर्धा मिटून हवेची वाट अडवावी लागते. वेगच उतरविला तर हिशेब पालटतो. पंख्याची हवा वेगाच्या प्रमाणात घटते, परंतु शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटत असल्याने, 80 टक्के वेगास जेमतेम 51 टक्के शक्ती पुरते. पाणी उंच टाकीत चढविणाऱ्या पंपास मात्र हा घननियम जसाच्या तसा लावता येत नाही, कारण उंचीचा भार वेगाबरोबर उतरत नाही. बचतीचा अंदाज करताना ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मध्यम-दाब ड्राइव्हची जी रचना रूढ झाली, तीत एका रोहित्राच्या अनेक दुय्यम गुंडाळ्या परस्परांपासून काही अंशांनी सरकविलेल्या असतात, प्रत्येक गुंडाळी एका पॉवर सेलला वीज पुरविते, आणि 6.6 किलोव्होल्टसाठी प्रत्येक फेजमध्ये असे पाच-सहा सेल एकापुढे एक जोडून पायऱ्यापायऱ्यांची, जवळजवळ साइनसारखी, लहर मोटारीला मिळते.

कमिशनिंगची खरी कसोटी वीज सोडण्यापूर्वीच लागते. खाडीची खारट, दमट हवा रोहित्राच्या इन्सुलेशनमध्ये मुरते, म्हणून गोदामात पावसाळा काढलेले यंत्र आधी सुकवावे लागते. दोन हजार किलोवॅटचा ड्राइव्ह पूर्ण भारावर साठ ते ऐंशी किलोवॅट उष्णता खोलीत सोडतो. तिचा बंदोबस्त झाला नसेल तर पुढील सर्व परिश्रम व्यर्थ होत. ऑगस्ट 2006 च्या तापीच्या महापुराचे पाणी हजिऱ्यापर्यंत पोहोचले होते. ड्राइव्हच्या खोलीचे जोते किती उंच असावे, याचे उत्तर त्या पाण्याच्या खुणांत शोधावे, असे माझे ठाम मत आहे.

मोटारीच्या इन्सुलेशनचा रोध मेगरने मोजताना ड्राइव्हकडील केबल सोडविणे अत्यावश्यक, कारण मेगरचा उच्च दाब ड्राइव्हमधील अर्धवाहकांना मारक ठरतो. दहाव्या मिनिटाचे वाचन पहिल्या मिनिटाच्या निदान दुप्पट भरले, तर गुंडाळी कोरडी व निकोप समजावी. ब्रेकर उघडून, कुलूप लावून व अर्थ करूनही सेलच्या कपॅसिटरांत दाब शिल्लक असतो. निर्मात्याने मुक्रर केलेला अवधी लोटल्यावर, आणि दाब नाही याची उपकरणाने खात्री केल्यावरच, दार उघडावे. येथे घाई करणाऱ्यास मी कधीही क्षमा केलेली नाही.

मग कपलिंग सोडून मोटार एकटी फिरवितात. एका कारखान्यात ही सोलो रन निर्विघ्न पार पडली, सर्वांनी सह्या केल्या, आणि दोन दिवसांनी बायपासवरून तीच मोटार थेट विजेवर घेतली तेव्हा पंखा उलट फिरला. कारण साधे होते : ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटारीची दिशा येणाऱ्या विजेच्या फेजक्रमावर अवलंबून नसते, बायपासवर मात्र तोच क्रम तिची दिशा ठरवितो. ड्राइव्हवर आणि बायपासवर अशा दोन्ही मार्गांनी दिशेची रुजवात घेतल्याशिवाय कपलिंग जोडू नये, हा शिरस्ता मी त्या दिवसापासून पाळीत आलो. भार जोडल्यावर कंपने मोजीत वेग हळूहळू चढवावा. ज्या वेगाशी पंख्याचा सांगाडा थरथरतो, तो वेग ड्राइव्हला ओलांडावयास शिकवावा.

इतके होऊनही बचत शून्य भरल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि दोष यंत्राचा नव्हता. अशाच एका ठिकाणी ड्राइव्ह उत्तम चालत होता, परंतु डँपर पूर्वीप्रमाणेच अर्धा मिटलेला होता. पाळीवरच्या जुन्या ऑपरेटरला, जो अमळनेरकडचा होता, कोणी काही सांगितलेच नव्हते. मी म्हटले, "काका, आता हवा वेगाने सांभाळू, हा पूर्ण उघडा." त्यांनी विचारले, "आणि भट्टीचा ड्राफ्ट सुटला तर?" प्रश्न रास्त होता. तेव्हा आम्ही दोघे ड्राफ्टच्या काट्याकडे पाहत उभे राहिलो. त्यांनी डँपर दहा-दहा टक्क्यांनी उघडावा, मी तितका वेग उतरवावा, काटा जागेवर आल्याचे त्यांनी सांगावे, मगच पुढचे पाऊल, असे करीत पहाटे तीनच्या सुमारास डँपर पूर्ण उघडला, आणि काकांनी लॉगबुकात ती वेळ व अँपिअर स्वतःच्या हाताने लिहिले.