बंद पुलाचे पुढे काय?

कोकणात पूल दोन तऱ्हांचे. वाडीजवळच्या पऱ्यावरचा, म्हणजे लहान ओढ्यावरचा, तो साकव. पूर्वी तो माडाच्या किंवा सुपारीच्या खोडांचा असे, पावसात वाहून गेला की गावकरी पुन्हा घालत. आता बहुतेक ठिकाणी तो लोखंडी किंवा काँक्रीटचा आहे. नदी नाहीतर खाडी ओलांडतो तो मोठा पूल. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघालेली मासळीची गाडी आंबा घाटाने कोल्हापूर गाठते ती अशा लहानमोठ्या पुलांच्या भरवशावर. वाटेत एक जरी बंद झाला, तरी वळसा पडतो, बर्फ वितळतो आणि मासळीचा भाव उतरतो.

पूल म्हातारा होतो तो बहुधा न दिसणाऱ्या जागी. चुन्यात बांधलेल्या दगडी कमानींच्या सांध्यांत पिंपळ रुजतो आणि मुळे दगड सैल करतात. खाडीवरच्या काँक्रीटमध्ये खाऱ्या हवेतले क्षार झिरपत सळ्यांपर्यंत पोचतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो, म्हणून काँक्रीटला आतून तडे जातात आणि वरचे थर सुटून पडतात. सर्वांत घातक मात्र पायाची धूप. पुराचे पाणी खांबाभोवती भोवरे घेत तळाची वाळू-माती उकरून नेते, पूर ओसरताना गाळ पुन्हा तेथेच बसतो आणि वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी रस्त्यावर उभे राहून केलेली पाहणी पुरेशी नसते. पाणबुडे उतरवून किंवा ध्वनिलहरींच्या उपकरणाने तळ तपासावा लागतो.

महाडजवळ सावित्रीवर 1928 मध्ये बांधलेला दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महापुरात कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या रत्नागिरी जिल्ह्यातून निघालेल्या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची तपासणी होऊन तो धोकादायक नसल्याचा निर्वाळा मिळाला होता. नवा पूल काम सुरू झाल्यापासून 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये खुला झाला. एवढ्या वेगाने पूल बांधता येतो हे त्यातून सिद्ध झाले, पण त्यासाठी आधी इतकी माणसे जावी लागली.

कोल्हापूरच्या पंचगंगेवरील ब्रिटिशकालीन शिवाजी पूल हे याच रत्नागिरी–कोल्हापूर मार्गावरचे दिरंगाईचे उदाहरण. पुराच्या दिवसांत तो वाहतुकीला बंद ठेवावा लागे. शेजारी पर्यायी पूल बराचसा बांधून झाला होता, पण ब्रह्मपुरीच्या संरक्षित टेकडीमुळे पुरातत्त्व कायद्यात अडकून काम रखडले. 26 जानेवारी 2018 च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या भाविकांची मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि 13 जण गेले. पर्यायी पूल खुला व्हायला 2019 उजाडले. परवानग्यांचा गुंता आराखडा काढतानाच सोडवायचा असतो. खांब उभे राहिल्यावर तो सोडवायला घेतला, की त्याची किंमत प्रवासी मोजतात.

वाहतूक बंद केली म्हणजे धोका संपला, ही समजूतही खोटी आहे. गोव्यात सावर्डे-कुडचडे येथील पोर्तुगीजकालीन पादचारी पूल वापरासाठी बंद होता. 18 मे 2017 रोजी नदीतील शोधकार्य पाहायला लोक त्यावर जमले आणि तो कोसळला. मावळातील कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील लोखंडी पूल धोकादायक ठरलेला होता, फलकही लागला होता, नव्या पुलाला मंजुरीही होती. 15 जून 2025 च्या रविवारी पर्यटकांच्या गर्दीखाली तो पडला आणि चौघांचा मृत्यू झाला. फलक वाचून माणूस मागे फिरत नाही, विशेषतः पलीकडे जायला दुसरी वाट नसेल तेव्हा. बंद पुलाची दोन्ही तोंडे पक्क्या भिंतीने बुजवावी लागतात, नाहीतर जवळचा भाग उतरवून टाकावा लागतो.

नियोजनाची सुरुवात मोजणीपासून होते: पायाची खोली, काँक्रीटचा नमुना, सळ्यांचा गंज. पूल वाचण्यासारखा वाटला तर भारचाचणी घेतात. ठरलेले वजन 24 तास ठेवून काढल्यावर पुढच्या 24 तासांत साध्या सळईच्या काँक्रीटचा गाळा वाकाच्या किमान 75 टक्के परत वर यायला हवा, पूर्वताणित काँक्रीटचा 85 टक्के. मग चारच वाटा उरतात: दुरुस्ती करून पुन्हा वाहतूक, केवळ पायी आणि दुचाकीसाठी वापर, शेजारी नवा पूल, किंवा पाडकाम. जुनी दगडी कमान पादचाऱ्यांसाठी राखणे अनेकदा शक्य असते आणि ती राखावी. मात्र देखभालीचा खर्च कोण करणार हे आधी ठरायला हवे. गंजलेला लोखंडी साकव सांभाळण्यात अर्थ नाही.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग मधल्या काळाचा. नवा पूल होईपर्यंत शाळकरी मुले, गरोदर बाई, दुधाचे कॅन, मासळीची टोपली कशी जाणार? दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ येथे फेरीबोटीने वाहनेसुद्धा खाडी पार करतात. पण फेरीबोट मोठ्या खाडीत चालते, पऱ्यावर नाही. तेथे पावसाळ्यापूर्वी तात्पुरता पादचारी साकव घालणे हाच उपाय.

पूल बंद करण्याच्या आदेशातच पुढील निर्णयाची मुदत, तात्पुरत्या वाटेची सोय आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे. ज्या गावाचा पूल आज बंद आहे, त्या गावाने येत्या ग्रामसभेत या तिन्ही गोष्टींची मागणी करणारा ठराव करावा.