स्वभावप्रकार आणि वैद्यकातील शाखानिवड

‘शल्यचिकित्सक निश्चयी असतो’, ‘बालरोगतज्ज्ञ वत्सल असतो’ अशी विधाने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांत नित्य ऐकू येतात. अनेकांच्या निरीक्षणातून दिसणारा कल आणि एका व्यक्तीस लावावयाचा नियम या दोन भिन्न गोष्टींची अशा विधानांत गल्लत झालेली असते. विद्यार्थ्याच्या उभ्या आयुष्याचा व्यवसाय या गल्लतीवर ठरू नये, म्हणून ‘स्वभावप्रकार’ ही संज्ञा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

कार्ल युंग यांचा मानसिक प्रकारांवरील जर्मन ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे कॅथरिन ब्रिग्ज व त्यांच्या कन्या इझाबेल मायर्स यांनी सोळा प्रकारांची प्रश्नावली सिद्ध केली. १९५० नंतरच्या दशकात मायर्स यांनी अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक वैद्यक विद्यार्थ्यांकडून ती भरून घेतली आणि पुढे सुमारे १२ वर्षांनी त्यांनी कोणत्या शाखा पत्करल्या, हे पाहिले. मनोविकारचिकित्सेत अंतःस्फूर्तीकडे झुकणाऱ्यांचे, तर भूलशास्त्रात प्रत्यक्ष तपशिलाकडे झुकणाऱ्यांचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले. तथापि कोणतीही शाखा एकाच प्रकाराची मिरास नव्हती.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. ‘अंतर्मुख’ हे विशेषण आहे. त्यामागे ‘किंचित’, ‘बराच’, ‘अधिक’ असे शब्द येऊ शकतात. तेच विशेषण एखाद्या वर्गाचे नाव झाले, की त्यातील तरतमभाव लोपतो. प्रश्नावलीतही असेच घडते. बहुतेकांचे गुण मध्यरेषेच्या आसपास असतात. रेषेच्या किंचित अलीकडील आणि किंचित पलीकडील व्यक्ती मात्र भिन्न प्रकारांत पडतात. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरल्यास अनेकांचा प्रकार बदलतो.

दुसरी परंपरा शब्दकोशातून निघाली. ऑलपोर्ट व ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये वेबस्टरच्या इंग्रजी कोशातून व्यक्तिभेद दर्शविणारे १७,९५३ शब्द वेचले. अशा शब्दांच्या उत्तरोत्तर वर्गीकरणातून बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थैर्य आणि अनुभवग्राहकता या पाच गुणांची मांडणी झाली. तीत व्यक्तीला खणात न घालता मापपट्टीवर ठेवले जाते. आपल्या आयुर्वेदानेही वात, पित्त व कफ यांच्या जोडीला द्वंद्वज आणि सम प्रकृती मानल्या आहेत, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडील परिस्थितीत आणखी एक सावधगिरी हवी. पदव्युत्तर जागा प्रवेशपरीक्षेतील गुणानुक्रमाने मिळतात. इच्छा असूनही अनेकांना मनाजोगी शाखा लाभत नाही. शिवाय वर्षानुवर्षांचे काम माणसाच्या वागण्याला वळण लावते. म्हणून एखाद्या शाखेतील वैद्यांचा स्वभाव पाहून ‘स्वभावानेच शाखा निवडली’ असा कार्यकारणभाव जोडणे युक्त नव्हे.

मग प्रश्नावली निरुपयोगी ठरते काय? तसे नाही. ती आत्मपरीक्षणास आरंभ करून देते. निवाडा देण्याचा अधिकार मात्र तिला नाही. तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया, रात्रीची निकड, एकाच रुग्णाशी दीर्घकाळ राहणारा संबंध, सूक्ष्मदर्शकापुढील एकांत यांचा अनुभव प्रत्यक्ष कामातच येतो. ‘मी कोणत्या प्रकारचा?’ यापेक्षा ‘हे काम मला कितपत मानवते?’ हा प्रश्न विद्यार्थ्याला अधिक उपकारक होय. कारण ‘कितपत’ या शब्दात तरतमभाव शाबूत राहतो.