तेजाचे चलन आणि रंगाचा बट्टा

एकेकाळी मराठी मुलखाच्या बाजारपेठांत अंकुशी, चांदवडी, नागपुरी असे नाना टांकसाळींचे रुपये एकाच वेळी फिरत असत, आणि सराफाच्या पेढीवर केवळ रुपयांची संख्या सांगून भागत नसे. नाणे कोणत्या टांकसाळीचे हे विचारून, त्याचा कस पाहून आणि ठरलेला बट्टा कापूनच रक्कम जमेस धरली जाई. ताऱ्यांच्या तेजाचे जे प्रचंड दप्तर गेल्या शतकात जगभर साठले आहे, त्याचीही अवस्था अशीच आहे. अमुक तारा अमुक प्रतीचा, हे विधान, ती प्रत कोणत्या पद्धतीने मोजली हे सांगितल्यावाचून, अपुरेच राहते.

प्रतींची कल्पना फार जुनी. तिला गणिताची शिस्त लावली ती नॉर्मन पॉगसन याने १८५६ साली, पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभरपट तफावत, अर्थात एका प्रतीस सुमारे २.५१२ पट, असा नियम घालून देऊन. हाच पॉगसन १८६१ पासून १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होता, ही गोष्ट आपल्याकडे व्हावी तितकी परिचित झालेली नाही.

परंतु प्रमाण ठरले तरी मोजणारा डोळा एक नव्हता. मनुष्याची दृष्टी हिरव्या-पिवळ्या प्रकाशास अधिक जागरूक, तर छायाचित्रणाची जुनी काच निळ्यास. त्यामुळे डोळ्यांना ठळक दिसणारा तांबूस तारा काचेवर फिका उमटे आणि दोन याद्यांची रुजुवात घालताना अभ्यासकांची तारांबळ उडे. १९५३ साली जॉन्सन आणि मॉर्गन यांनी यू, बी आणि व्ही या तीन फिल्टरांची पद्धत रूढ केली. त्यांचे मध्य अनुक्रमे सुमारे ३६५, ४४० आणि ५५० नॅनोमीटरांवर येतात. बी आणि व्ही यांतील प्रतींची वजाबाकी म्हणजे ताऱ्याचा रंगनिर्देशांक. तो अभिजितासारख्या शुभ्र ताऱ्यांस शून्य धरला गेला. नागपूरच्या विधानभवनाजवळील १९०७ सालच्या शून्य मैलाच्या स्तंभाने जसे गावोगावच्या अंतरांस एक आरंभस्थान दिले, तसे अभिजिताने रंगांच्या मोजणीस दिले.

याचा प्रत्यय घ्यायचा असेल तर एप्रिलच्या आरंभी, रात्री पावणेनऊच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून दूर रामटेकच्या बाजूस जावे. पश्चिमेस रोहिणी कलत असते, पूर्वेस चित्रा वर येत असते, आणि दोघींची क्षितिजापासूनची उंची त्या घटकेस जवळजवळ सारखी असल्याने हवेतील धूळही दोघींच्या प्रकाशाचा सारखाच वाटा गिळते. व्ही फिल्टरमधून रोहिणी ०.८६ आणि चित्रा ०.९७ प्रतीची, म्हणजे तेजाने जवळपास तुल्य. बी फिल्टर लावताच रोहिणी २.४० पर्यंत घसरते आणि चित्रा ०.७४ वर चढते. निळ्या प्रकाशात चित्रा रोहिणीच्या साडेचारपटींहून अधिक तेजस्वी ठरते. तारे तेच, रात्र तीच, मापन मात्र निराळे.

येथेच सराफाचा दाखला अपुरा पडतो. त्याचा बट्टा टांकसाळीप्रमाणे ठरे आणि त्या टांकसाळीच्या सर्व रुपयांस सारखा लागे. येथील बट्टा प्रत्येक ताऱ्यास त्याच्या रंगाप्रमाणे वेगळा द्यावा लागतो. हिप्पार्कस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात टायको नावाच्या दोन पट्ट्यांत जी मापे घेतली, त्यांवरून जॉन्सनची व्ही प्रत काढताना टायकोच्या रंगाची ०.०९ पट वजा करतात, आणि रंग स्वतः ०.८५ ने गुणून घेतात. हे गणित सरळ रेषेचे आहे. २०१३ साली निघालेल्या गाया यानाची 'जी' नावाची पट्टी मात्र इतकी रुंद आहे की तेथे रंगाचा वर्ग व घनही हिशेबात घ्यावा लागतो: सूर्यासारखा तारा त्या पट्टीत व्हीपेक्षा सुमारे ०.१५ प्रतीने तेजस्वी भरतो, तर गायाच्या मापाने ज्याचा रंग २ आहे असा तांबडा तारा पाऊण प्रतीने, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दोन याद्यांतील आकडे डोळे मिटून शेजारी मांडणाऱ्यास, तारा बदलला नसताना तो बदलल्याचा भास होतो. हौशी निरीक्षकांच्या पुष्कळशा 'शोधांचे' मूळ याच चुकीत असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर उपाय आहे आणि तो नागपूरकरांच्या माथ्यावरच आहे. कर्क राशीतील एम-६७ हा तारकागुच्छ मार्चच्या रात्री येथे खस्वस्तिकाच्या केवळ नऊ-दहा अंश दक्षिणेस येतो. त्यातील निळसर ते तांबूस अशा ताऱ्यांची प्रमाणित मापे उपलब्ध आहेत. आपल्या कॅमेऱ्याने घेतलेली मापे आणि ती प्रमाणित मापे यांतील फरक रंगासमोर मांडावा. जी रेषा उमटते तिचा उतार हाच आपल्या यंत्राचा बट्टा. तो एकदा काढला की पुष्कळ दिवस उपयोगी पडतो. मात्र फिल्टर वा कॅमेरा बदलला तर पुन्हा काढावा.

तथापि हे रूपांतर सर्वत्र चालत नाही. नवतारा आपला पुष्कळसा प्रकाश मोजक्या वर्णरेषांत ओततो, आणि सामान्य ताऱ्यांवरून बसवलेली रेषा तेथे फसते. मृगातील काक्षी २०२० च्या फेब्रुवारीत नेहमीच्या अर्ध्या प्रतीच्या आसपासवरून सुमारे १.६ पर्यंत मंदावला, पण तो व्ही पट्टीत. अवरक्त प्रकाशात ती घट पुष्कळच कमी होती. अशा ठिकाणी कोणताही बट्टा लावण्यापेक्षा मूळ माप जसेच्या तसे जपणे अधिक प्रामाणिक.

ज्या रामन यांच्या नावाचे विज्ञान केंद्र आणि तारांगण आज नागपुरात आहे, ते १९१० साली वित्तखात्याच्या नोकरीत याच शहरात होते. प्रकाशाचा अभ्यास आणि हिशेबाची चोख वही एकाच माणसाच्या हाती नांदू शकते, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला कोठे मिळणार? म्हणून या हिवाळ्यात जे तरुण आपली दुर्बीण गच्चीवर नेतील, त्यांना एवढीच विनंती की प्रत्येक वेधाच्या ओळीत तारखेशेजारी वेळ, फिल्टरचे नाव आणि तुलनेसाठी घेतलेला तारा न चुकता लिहावा, आणि रूपांतरित आकड्याबरोबर मूळ आकडाही खोडू नये.