स्टेपनीत हवा आहे ना?

शेवटचा पेपर अजून दोन दिवसांवर असतो आणि ग्रुपवर प्लॅन शिजायला लागतो. 'कोकण?' 'डन!' 'गाडी कुणाची?' इथे दोन मिनिटं सन्नाटा. मग कुणीतरी हळूच टाकतं, 'बाबांना विचारतो.' बाबा कसेबसे हो म्हणतात आणि पुढच्या क्षणापासून चर्चा सुरू होते ती प्लेलिस्टची, गॉगल्सची आणि मासे कुठे खायचे याची. गाडीचं काय? गाडी तर आहेच की!

आमचंही अगदी असंच झालं होतं. मे महिना, पाच जण, डिकीत न मावलेल्या बॅगा मांडीवर आणि काकांकडून मागून आणलेली नऊ वर्षांची हॅचबॅक. पुण्याहून निघालो. ताम्हिणी घाट उतरताना गाणी फुल आवाजात होती आणि माझा पाय जवळजवळ सतत ब्रेकवर. थोड्या वेळाने काहीतरी जळल्यासारखा वास आला. मग पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल स्पंजसारखं आत गेलं. गाडी थांबलीच नाही. गिअर खाली टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी कशीबशी लावली. पाचही जण गप्प. मागून आलेल्या ट्रकवाल्या काकांनी ट्रक थांबवला, चाकाला दगड लावले आणि म्हणाले, "बाळा, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतरायचं. ब्रेक काय खेळणं आहे का?"

म्हणून यंदा तुमची ट्रिप ठरली असेल, तर निघायच्या आधीचा एक रविवार गाडीला द्या.

आधी टायर

टायरच्या बाजूला 'डॉट' या अक्षरांनंतर बरेच आकडे असतात. त्यातले शेवटचे चार बघा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं होतंच. पाच-सहा वर्षं उलटली असतील किंवा बाजूला बारीक चिरा दिसत असतील, तर टायरवाल्याला दाखवल्याशिवाय लांब जाऊ नका. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की त्याला निरोप द्यायचा.

हवेबद्दल एक गैरसमज हमखास ऐकायला मिळतो: 'उन्हाळ्यात हवा कमीच ठेव, टायर फुटेल.' खरं तर उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते आणि त्यातूनच उष्णता वाढते. तापलेला रस्ता, पाच जणांचं वजन आणि वर वेग. टायर फुटायला आणखी काय हवं? ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर बहुतेक गाड्यांना एक स्टिकर असतो. त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी किती हवा हवी ते लिहिलेलं असतं. पाच जण जाणार असाल तर भरलेल्या गाडीचा आकडा बघा. आणि हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासा.

मग स्टेपनी

हा शब्द आला कुठून माहितीये? वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कारखान्यात जादा चाकं बनायची. कारखाना इतिहासजमा झाला, नाव मात्र आपल्याकडे गॅरेजागॅरेजात टिकून आहे.

पण डिकीच्या तळाशी पडलेल्या त्या चाकात हवा आहे का, हे शेवटचं कधी बघितलंत? जॅक आणि पाना जागेवर आहेत का? बिल्डिंगखाली एकदा चाक बदलून बघा. सपाट जागा, हँडब्रेक, समोरच्या बाजूच्या चाकाला दगड. नट आधी थोडे ढिले करायचे, मग गाडी उचलायची. उचलल्यावर करायला गेलात तर चाकच गरगर फिरत बसेल. घट्ट करताना ओळीने न करता समोरासमोरचे नट आवळायचे. आणि जॅकवरच्या गाडीखाली कुणीही डोकं घालायचं नाही. हे काम ग्रुपमधल्या प्रत्येकाने आणि प्रत्येकीने करून बघा.

ब्रेक आणि कूलंट

आमचं पेडल का बसलं? ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. ताजं डॉट ४ ऑइल साधारण २३० अंशांना उकळतं, तर पाणी शोषलेलं १५५ अंशांच्या आसपासच. घाटात ब्रेक सतत दाबून ठेवला की तो तापतो, ऑइल उकळतं आणि त्यात बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, त्यामुळे पेडल आत जातं पण चाकापर्यंत जोर पोचत नाही. काकांच्या गाडीचं ऑइल कधी बदललं होतं, हे त्यांनाही आठवेना आणि निघण्याआधी मीही विचारलं नव्हतं. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलावं. सोबत ब्रेक पॅडही बघून घ्या.

आणि हो, पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरण्याचा अतिशहाणपणा नको. आजकालच्या गाड्यांमध्ये गिअरात असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला जाणारं इंधन तसंही बंद होतं. इंजिन बंद करून उतरलात तर ब्रेकला मिळणारी मदतही जाते. म्हणजे बचत शून्य आणि धोका दुप्पट.

कूलंटच्या टाकीवर किमान-कमालच्या रेघा असतात. पातळी त्यांच्या मध्ये हवी आणि ती गाडी थंड असतानाच बघायची. रस्त्यात तापमानाचा काटा लाल रेघेकडे गेला तर एसी बंद करा, हीटर फुल सोडा आणि बाजूला थांबा. मे महिन्यात हीटर? हो! तो इंजिनची उष्णता बाहेर ओढतो. गरम रेडिएटरचं झाकण मात्र चुकूनही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण निघालं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. इंजिन पूर्ण निवेपर्यंत वाट बघा.

कागद आणि माणसं

आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं, पण तारखा बघा. विमा मागच्या महिन्यात संपलेला असू शकतो! 'माझं लर्निंग आहे, रिकाम्या रस्त्यावर थोडी चालवतो' म्हणणाऱ्या मित्राला चावी देऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल आणि बाबांच्या डोक्यावर खर्च बसेल. ओळखीच्या ओळखीतून कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतानाही हाच विचार करा. सेल्फ ड्राइव्हच्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात.

रात्रभर गप्पा मारून पहाटे तीनला निघायची हौस असते. त्याऐवजी लवकर झोपा आणि पाचला निघा. चालवणारे दोघं तरी हवेत, दर दोन तासांनी चहा हवा आणि मागच्या सीटवरही बेल्ट हवा. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे असे फेरीबोटीचे टप्पे घेतलेत तर भरपूर फिरणं वाचतं, वर गाडीसकट खाडी ओलांडायची मजा वेगळीच. पण रीलसाठी गाडी पुळणीवर उतरवू नका. वाळूत चाक रुतलं आणि भरती आली, की समुद्र कुणाचीच वाट बघत नाही. ११२ आणि १०८ हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा.

या सगळ्याला खर्च किती? गाडी बरी असेल तर एक रविवार आणि टीटीएमएम केलंत तर प्रत्येकी एखाद्या पिझ्झाचे पैसे. टायर बदलायची वेळ आली तर जास्त, पण तेव्हा तो खर्च टाळायचा नसतो, ट्रिप पुढे ढकलायची असते.

त्या दिवशी तासाभराने ब्रेक निवले. आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरात घाट उतरलो, माणगावात ऑइल बदलून घेतलं आणि संध्याकाळी उशिरा दिवेआगरला पोचलो. सूर्यास्त हुकला होता. पण पाचही जण पोचलो होतो.

तर मंडळी, ग्रुपवर आज एवढंच विचारा: स्टेपनीत हवा आहे ना?