शब्दात दडलेले शून्य

अकरावीच्या पदार्थविज्ञानात नेहमी भेटणारे एक उदाहरण पाहा. 'अ कार स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट अँड ॲक्वायर्स अ व्हेलॉसिटी ऑफ २० मीटर्स पर सेकंड इन ५ सेकंड्स. फाइंड इट्स ॲक्सिलरेशन.' मोटारीचे त्वरण काढावयाचे आहे. अंतिम वेग दिला आहे, लागलेला वेळ दिला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली, त्वरणाचे सूत्र तोंडपाठ असलेली मुले येथे हमखास अडतात. 'सर, सुरुवातीचा वेग दिलेलाच नाही,' अशी त्यांची तक्रार असते. खरे म्हणजे तो दिलेला आहे; फक्त आकड्यात नव्हे, तर शब्दात. 'फ्रॉम रेस्ट' या दोन शब्दांत एक शून्य दडलेले आहे. ते दिसले, की उत्तर तोंडी येते: दर सेकंदास दर सेकंदाला ४ मीटर.

आता हा विद्यार्थी शब्दकोश उघडून 'रेस्ट' पाहील, तर पहिला अर्थ मिळेल 'विश्रांती', दुसरा मिळेल 'बाकी राहिलेले'. 'विश्रांतीपासून निघालेली मोटार' यातून त्याने काय बोध घ्यावा? गंमत अशी, की न्यूटनचा पहिला नियम शिकताना 'विरामावस्था' हा शब्द त्याने पाठ केलेला असतो. 'रेस्ट' त्याला माहीत आहे, 'विरामावस्था'ही माहीत आहे; पण दोघांची गाठ कोणी घालून दिलेली नाही. परिणामी त्याचे उदाहरण चुकते. एक उदाहरण चुकल्याने काही बिघडत नाही; पण अशी दहा चुकली, की 'पदार्थविज्ञान आपल्याला जमणारे नाही' असे तो स्वतःच्या मनाशी ठरवून टाकतो. या एका गैरसमजापायी विज्ञानशाखा सोडून गेलेली चांगली हुशार मुले मी पाहिली आहेत. त्यांचे विज्ञान कच्चे नव्हते.

मधल्या थरातले शब्द

इंग्रजीतून विज्ञान शिकताना लांबलचक पारिभाषिक शब्द त्रास देतील, अशी भीती सर्वांना वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. 'इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन' हा शब्द कितीही भयंकर दिसला, तरी त्याची व्याख्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेली असते आणि शिक्षक त्यावर दोन तास खर्च करतात. अडवणूक करतात ते मधल्या थरातले शब्द: 'अझ्यूम', 'व्हेरी', 'इनिशियल', 'हेन्स', 'रिस्पेक्टिव्हली', 'नेग्लिजिबल', 'अनलेस'. विज्ञानाचा शिक्षक ते समजावून सांगत नाही, कारण ते विज्ञानाचे नाहीत. इंग्रजीचा शिक्षकही सांगत नाही, कारण ते त्या वर्षीच्या धड्यात आलेले नाहीत. आंधळ्या कोशिंबिरीत दोन गड्यांच्या मधून तिसरा निसटावा, तसे हे शब्द निसटतात.

हा थर केवढा आहे, याचा हिशेब भाषातज्ज्ञांनी केलेला आहे. ढाक्याच्या अध्यापक-महाविद्यालयात काम केलेल्या आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचन कसे सोपे होईल याचा ध्यास घेतलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २००० अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. पुढे २००० साली न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय पुस्तके आणि लेख यांतील सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासला. त्यांपैकी सुमारे ७६ टक्के मजकूर वेस्ट यांच्या यादीतल्या शब्दांचाच होता. उरलेल्यातून त्यांनी मधल्या थरातली ५७० शब्दकुटुंबे निवडली. एकाच मुळापासून झालेल्या 'व्हेरी', 'व्हेरिएबल', 'व्हेरिएशन' यांसारख्या शब्दांचे एक कुटुंब धरले आहे. एवढ्या ५७० कुटुंबांनी आणखी १० टक्के मजकूर व्यापला! 'अझ्यूम', 'डिराइव्ह', 'कॉन्स्टंट', 'इनिशियल', 'हेन्स' ही सारी मंडळी त्यात आहेत.

हे शब्द केवळ आपल्यालाच अडतात असे मानू नका. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये कॅसेल्स आणि जॉनस्टन यांनी विज्ञानाच्या पुस्तकांतील अशा बिगर-पारिभाषिक शब्दांची चाचणी शाळकरी मुलांवर घेतली. मुले इंग्रजीच बोलणारी. तरीही कित्येकांनी काही शब्दांचा अर्थ नेमका उलटा सांगितला.

सोपे शब्द, लपलेले आकडे

पदार्थविज्ञानाच्या उदाहरणात शब्द हेसुद्धा माहिती पुरवतात, हे एकदा लक्षात आले की वाचण्याची पद्धतच बदलते. 'स्मूथ सरफेस' म्हणजे केवळ गुळगुळीत पृष्ठभाग नव्हे. घर्षण शून्य धरा, असा तो हुकूम आहे. 'युनिफॉर्म व्हेलॉसिटी' म्हणजे त्वरण शून्य. 'कम्स टू रेस्ट' म्हणजे अंतिम वेग शून्य. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे जिचे वस्तुमान शून्य धरावयाचे आहे अशी दोरी. या शेवटच्या शब्दाने तर मोठी मौज होते. आपल्याकडे 'लाइट' म्हणजे दिवा किंवा वीज. संध्याकाळी 'लाइट गेले' असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. तेव्हा 'लाइट स्ट्रिंग' वाचून एखाद्याच्या डोळ्यांपुढे गणपतीच्या मखरातली दिव्यांची माळ उभी राहिली, तर त्याला हसू नये. 'टेन्शन'चेही तसेच. आपण टेन्शन घेतो. पदार्थविज्ञानात ते दोरीला असते. मराठीत येऊन स्थायिक झालेल्या इंग्रजी शब्दांनी आपला एकच अर्थ बरोबर आणलेला असतो, बाकीचे ते मूळ गावी ठेवून येतात.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. 'ड्रॉप्ड म्हणजे आरंभीचा वेग शून्य' असे समीकरण वहीत लिहून पाठ करू नका. ते अनेकदा खरे ठरते आणि नेमके नको तेथे फसवते. ४० मीटर उंचीच्या गच्चीवरून दगड 'ड्रॉप' केला, तर आरंभीचा वेग शून्य. गुरुत्वत्वरण १० धरले आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर तो सुमारे २.८ सेकंदांत जमिनीवर येतो. आता दर सेकंदाला १० मीटर या वेगाने वर चढणारा फुगा ४० मीटर उंचीवर असताना त्यातून दगड 'ड्रॉप' केला, असे समजा. आता काय? 'ड्रॉप' याचा खरा अर्थ 'नुसता सोडून दिला, ढकलला किंवा फेकला नाही' एवढाच आहे. नुसता सोडलेला दगड सोडणाऱ्या हाताचा वेग घेऊन निघतो. हात फुग्याबरोबर वर चालला होता, म्हणून दगडही आधी दर सेकंदाला १० मीटर वेगाने वरच जातो. ५ मीटर चढून क्षणभर थांबतो आणि मग खाली येतो. त्याला लागतात पूर्ण ४ सेकंद. कागदावर मांडून पाहा. शब्दाच्या जागी शून्य पाठ केलेला विद्यार्थी येथे २.८ लिहितो. ज्याला शब्दाचा अर्थ कळला आहे, तो ४ लिहितो.

'नेग्लिजिबल'चेही असेच आहे. त्याचा अर्थ 'शून्य' नव्हे, 'या ठिकाणी सोडून देण्याइतके लहान' असा आहे. १० किलोग्रॅमचे वजन टांगलेल्या ५ ग्रॅमच्या दोरीचे वस्तुमान नेग्लिजिबल आहे. त्याच दोरीला १० ग्रॅमचे वजन टांगले, तर ते नेग्लिजिबल नाही. दोरी तीच, शब्द मात्र लागू होत नाही. कशाच्या तुलनेत, हा प्रश्न या शब्दाच्या पोटातच आहे.

'ने' आणि 'पर्यंत'

इंग्रजी शब्द एकटा राहत नाही. त्याच्या पुढेमागे असणारे चिमुकले शब्द, 'टू', 'बाय', 'ऑन', 'फ्रॉम', आपण न वाचताच ओलांडतो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जे काम करतात, तेच इंग्रजीत हे शब्द करतात. ३० अंश सेल्सियस तापमानाचे १ किलोग्रॅम पाणी घ्या. 'द टेम्परेचर राइझेस टू ५०' म्हणजे ते ५० अंशांपर्यंत वाढले. वाढ २० अंशांची. 'राइझेस बाय ५०' म्हणजे ते ५० अंशांनी वाढले. आता तापमान ८०. पाण्याची विशिष्ट उष्मा ४.२ किलोज्यूल धरली, तर पहिल्या वाक्याला ८४ किलोज्यूल उष्णता लागते, दुसऱ्याला २१०. दोन अक्षरांच्या शब्दापायी अडीचपट फरक!

बारावीत वायूचे उष्मागतिकी नियम येतात, तेथे हे प्रकरण अधिक गंभीर होते. वायूला ८० ज्यूल उष्णता दिली आणि 'वर्क डन बाय द गॅस' ५० ज्यूल असेल, तर वायूने स्वतःच्या पदरचे ५० खर्च केले. अंतर्गत ऊर्जा ३० ज्यूलने वाढली. 'वर्क डन ऑन द गॅस' ५० असेल, तर बाहेरून कोणी दट्ट्या दाबून ५० ज्यूल आत घातले. वाढ १३० ज्यूलची. मुले येथे अधिक आणि उणे चिन्हांचे नियम पाठ करीत बसतात. त्याऐवजी 'वायूने केलेले' आणि 'वायूवर केलेले' एवढे मराठीत मनाशी म्हटले, तर चिन्ह आपोआप बरोबर येते. पाहा, तापमानाच्या वाक्यातला 'बाय' आणि येथला 'बाय', दोन्हींना आपला 'ने-नी' हा एकच प्रत्यय पुरला!

सोबत्यांवरून शब्द ओळखणे आपल्याला नवीन नाही. 'मारणे' म्हणजे ठोकणे, एवढेच शिकून आलेल्या परदेशी माणसाला आपण 'गप्पा मारतो', 'हाका मारतो', 'उड्या मारतो' हे ऐकून घामच फुटेल. आपल्याला फुटत नाही, कारण आपण 'मारणे' कधी एकटे शिकलोच नाही. इंग्रजीतही 'फोर्स' एकटा न शिकता 'एक्झर्ट अ फोर्स ऑन' असा चौघांच्या घोळक्यासह शिकावा.

कधी कधी दूरचे वाटणारे दोन अर्थ एकाच घरचे निघतात. 'युनिफॉर्म' म्हणजे शाळेचा गणवेश आणि 'युनिफॉर्म व्हेलॉसिटी' म्हणजे एकसमान वेग. दोन्हीकडे अर्थ 'एकच रूप' हाच. सर्व मुलांचे कपडे एका रूपाचे, सर्व क्षणांचा वेग एका रूपाचा. 'नॉर्मल'ची कथा तर मला फारच आवडते. परावर्तनाच्या आकृतीत आरशावर काढलेल्या लंबाला 'नॉर्मल' का म्हणतात? नेहमीचे, सर्वसाधारण असे त्या रेषेत काय आहे? लॅटिन भाषेत 'नॉर्मा' म्हणजे सुताराचा गुण्या. गुण्याने तपासलेले ते नॉर्मल, म्हणजे काटकोनात असलेले. इंग्रजीत हा भूमितीतला अर्थ आधी आला. 'नेहमीप्रमाणे, ठाकठीक' हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. तेव्हा पदार्थविज्ञानाने या शब्दाचा अर्थ फिरवलेला नाही, तो बाजारात गेल्यावर फिरला आहे. तुमच्या कंपासपेटीतला गुण्या आरशावर उभा धरा. 'नॉर्मल' पुन्हा विसरणार नाही.

वही कशी ठेवावी

डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अशा दोन रकान्यांच्या वह्या पुष्कळ मुले ठेवतात. मला त्या फारशा उपयोगी वाटत नाहीत. त्यापेक्षा पोस्टकार्डाच्या आकाराचे कागद कापून घ्या. एका बाजूला शब्द ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य लिहा आणि शब्दाखाली रेघ ओढा. मागच्या बाजूस तीन गोष्टी लिहा: त्या वाक्याचा तुमच्या मराठीत अर्थ, शब्दाचे सोबती, आणि त्यामुळे उदाहरणात कोणती माहिती मिळाली ती. 'रिस्पेक्टिव्हली' घ्या. 'अ' आणि 'ब' यांची वस्तुमाने २ आणि ३ किलोग्रॅम 'रिस्पेक्टिव्हली'. याच्या अर्थाचा आदराशी काही संबंध नाही. हे आपले 'अनुक्रमे'. माहिती: 'अ' चे २, 'ब' चे ३. झाले.

हे कागद रोज सगळे वाचू नका. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले आणि ते १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेले आरंभी झपाट्याने विसरते, नंतर सावकाश. आणि एकाच बैठकीत अनेकदा घोकण्यापेक्षा तीच घोकणी काही दिवसांत वाटून केली तर अधिक टिकते, असे त्याला आढळले. म्हणून एक कागद दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने आणि मग महिन्याने पाहावा. अडला तर पुन्हा पहिल्या गठ्ठ्यात. आठवड्याला आठ-दहा शब्द पुरेत.

शिक्षकबंधुभगिनींना एकच सुचवावेसे वाटते. फळ्यावर सूत्र लिहिण्यापूर्वी मुलांकडून उदाहरण दोन ओळींत मराठीत सांगून घ्यावे. पाच मिनिटे जातात; परंतु मूल कोठे अडले आहे, विज्ञानात की शब्दात, हे लगेच कळते आणि औषध त्याप्रमाणे देता येते.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. एक लिफ्ट दर सेकंदाला २ मीटर या 'युनिफॉर्म' वेगाने वर जात आहे. तिच्या छताचा एक बोल्ट सुटून लिफ्टमध्येच खाली पडतो. छत तळापासून २.४५ मीटर उंच आहे. गुरुत्वत्वरण १० धरा. बोल्ट तळावर पडण्यास किती वेळ लागेल? यातील एक आकडा मुळीच लागत नाही, आणि तो का लागत नाही हे यातल्याच एका शब्दाने सांगितले आहे. उत्तर ०.७ सेकंद आले पाहिजे.