चांद्रावतरणाचा मुहूर्त

२० जुलै १९६९ ही तारीख राजकारणाने ठरवली, असे आपण सहज धरून चालतो. दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवू, असे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी १९६१ मध्ये बोलून बसले होते. त्यात सोव्हिएत संघाचे ‘लूना १५’ हे मानवरहित यान अपोलो ११ च्या तीन दिवस आधीच निघाले होते. घाई होती यात वाद नाही. पण घाईने फार तर वर्ष ठरते. दिवस आणि तास ठरवले ते चंद्रावरच्या सकाळच्या उन्हाने.

अपोलो ११ चे चंद्रावर उतरणारे यान ‘ईगल’ पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्य पाठीशी घेऊन उतरणार होते. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून साधारण ५ ते १४ अंश वर हवा, अशी अट होती. चंद्रावर झाड नाही, घर नाही, अंतराचा अंदाज देणारी धूसर हवाही नाही. उंचसखल कळते ते सावलीवरून. सूर्य माथ्यावर आला की सावल्याच गायब. त्याहून छुपी अडचण वेगळीच होती. यान शेवटच्या टप्प्यात सुमारे १६ अंशांच्या उताराने खाली येणार होते. सूर्यही मागे तेवढ्याच उंचीवर असता, तर प्रत्येक दगडाची सावली नेमकी त्याच दगडाआड दडली असती आणि समोर नुसता पांढुरका सपाटपणा दिसला असता. प्रत्यक्ष उतरताना सूर्य ११ अंशांच्या आसपास होता. तेव्हा मीटरभर उंच दगडाची सावली पाच मीटर पडते. चंद्रावरची उजाडती रेषा आपल्या एका दिवसात सुमारे १२ अंश पश्चिमेला सरकते. म्हणजे एका जागेला महिन्यातून जेमतेम पाऊण दिवस मिळतो. १६ जुलैचे उड्डाण हुकले असते, तर शांतिसागर या चंद्रावरच्या मैदानातली ठरलेली जागा सोडून १८ ला पश्चिमेची दुसरी, २१ ला त्याहून पश्चिमेची तिसरी जागा गाठायची होती. तेही हुकले तर थेट ऑगस्ट.

सारा खेळ अमेरिकी टीव्हीसाठी बेतला होता, असेही म्हटले जाते. वेळापत्रक मात्र उलटी साक्ष देते. ईगल उतरले तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारचे दुपारचे ४ वाजून १७ मिनिटे झाली होती. पुढे विश्रांती आणि मग तिथल्या मध्यरात्रीनंतर चांद्रचाल, असे ठरले होते. अंतराळवीरांनीच झोप बाजूला सारली, म्हणून आर्मस्ट्राँगचे पाऊल रात्री १०:५६ ला पडले (भारतात सोमवार सकाळचे ८:२६). प्रेक्षकांसाठी बेत आखणारा माणूस मुख्य प्रसंग मध्यरात्रीपलीकडे ठेवीलच कशाला?

दुसरा आक्षेप वजनदार आहे: एवढा हिशेब करूनही उतरणे काठावरच जमले. खरे आहे. पण उतरताना यानाच्या संगणकाने दिलेला ‘१२०२’ हा इशारा त्याच्यावरच्या जादा कामाचा होता. एक रडार त्याचा वेळ विनाकारण खात होते. त्याचा उन्हाशी संबंध नाही. उलट, त्या गडबडीतून आर्मस्ट्राँगने मान वर केली तेव्हा संगणक आपल्याला एका मोठ्या विवराकडे, मोटारीएवढ्या धोंड्यांच्या पसाऱ्यात नेतो आहे, हे त्याला लांब सावल्यांमुळे खिडकीतून ओळखता आले. नियंत्रण हाती घेऊन तो पुढे सरकला. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून ‘६० सेकंद’, मग ‘३० सेकंद’ अशी पुकार झाली. ही सेकंदे टाकी कोरडी पडण्याची नव्हती, उतरायचे की माघारी फिरायचे या निर्णयाची होती. शिवाय टाकीतले इंधन हिंदकळल्यामुळे इशाऱ्याचा दिवा जरा लवकरच लागला होता.

नोव्हेंबरमध्ये अपोलो १२ उतरले तोवर शर्यत जिंकून झाली होती. तरीही अट सुटली नाही: त्या वेळी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५ अंश वर होता.