पित्तनलिकेतली दीडशे वर्षे

1874 सालच्या सप्टेंबरात कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेज रुग्णालयात वीस वर्षांचा एक चिनी सुतार दगावला. शवविच्छेदन केले ते तिथले विकृतिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकॉनेल यांनी. यकृतातल्या पित्तनलिका फुगलेल्या होत्या. त्या कापल्यावर आतून चपटे, पानाच्या आकाराचे कृमी बाहेर आले. पुढच्या वर्षी मॅकॉनेल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे वर्णन छापले. ज्याला आज क्लोनॉर्किस सायनेन्सिस म्हणतात, त्या पर्णकृमीची ही पहिली नोंद.

त्या काळी या आजाराचा अर्थ सरळ होता: नळी तुंबते, पित्त अडते, यकृत बिघडते. हे चूक नव्हते, पण पित्ताकडे मोरीतल्या पाण्यासारखे पाहण्याची सवय तिथे लागली आणि ती सुटायला शंभराहून अधिक वर्षे गेली. या मागोव्यात मला त्या सवयीबद्दलच बोलायचे आहे.

आपण ‘पित्त झालं’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा जठरातले आम्ल घशाशी आलेले असते. इथले पित्त ते नव्हे. यकृत रोज कोलेस्टेरॉलपासून साधारण अर्धा ग्रॅम पित्ताम्ले नव्याने घडवते. ती ग्लायसीन किंवा टॉरीनशी जोडली जातात, पित्ताशयात साठतात, जेवणाबरोबर आतड्यात उतरतात आणि तेलातुपाचे बारीक थेंब करतात. काम झाले की त्यांतली सुमारे 95 टक्के लहान आतड्याच्या शेवटी शोषली जाऊन यकृताकडे परततात. दिवसातून कितीतरी वेळा हा फेरा होतो. जी थोडी मोठ्या आतड्यात निसटतात त्यांच्यावर जिवाणू हात चालवतात, आणि कोलिक आम्लाचे डीऑक्सिकोलिक आम्ल होते. या रेणूंची रचना उलगडण्याच्या कामासाठी हाइन्रिश वीलांड यांना 1927 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र तो अभ्यास रसायनशाळेत राहिला आणि कृमींचा अभ्यास शवागारात.

दोघांची गाठ पडली ती 1963 साली, आणि माझ्या लेखी या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रसंग तोच. कृमिशास्त्रज्ञ जे. डी. स्मिथ आणि निरनिराळ्या प्राण्यांचे पित्तक्षार अभ्यासणारे जी. ए. डी. हेझलवूड यांनी एक साधा प्रश्न विचारला. हायडॅटिड रोगाचा फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, मग मेंढीच्या आतड्यात का वाढत नाही? मेंढीच्या यकृतात त्याच्या गाठी होतात, म्हणजे मेंढी त्याला परकी नाही. त्यांचे उत्तर पित्तात होते. शाकाहारी प्राण्यांच्या पित्तातल्या डीऑक्सिकोलेटने कृमीच्या कोवळ्या डोक्याचे आवरण विरघळते; कुत्र्याच्या पित्तात मुख्यतः टॉरोकोलेट असते, त्यात ते शाबूत राहते. कोणत्या प्राण्यात कोणता कृमी रुजेल यात पित्ताचाही हात असतो, हे तिथे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे मांडले गेले.

पर्णकृमींचेही तसेच आहे. माशाच्या मांसातला त्यांचा कोश माणसाच्या पोटात गेला की पाचकरस आणि पित्ताच्या संगतीने फुटतो, आणि कोवळा कृमी पित्ताच्या दिशेने सरकत नलिकेत शिरतो. ज्या रसाने चरबी फुटते, आवरणे विरतात, त्याच रसात तो वर्षानुवर्षे राहतो. क्लोनॉर्किस तर वीस-पंचवीस वर्षेही जगतो.

माणसाच्या बाजूने या इतिहासाचे केंद्र ईशान्य थायलंड, म्हणजे इसान. तिथल्या ऑपिस्थॉर्किस विव्हेरिनी या पर्णकृमीचे पहिले वर्णन 1886 साली झाले ते माणसातून नव्हे, मासेमार मांजरातून. पुढे थायलंडमध्ये माणसांतही तो सापडू लागला. मेकाँगच्या खोऱ्यात भातखाचरांतून आणि तळ्यांतून मिळणारे बारीक मासे हे गरिबाघरचे रोजचे खाणे. कोई प्ला म्हणजे कच्चा मासा बारीक चिरून त्यात लिंबाचा रस, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड आणि पाला. लिंबाने मासा पांढरा होतो, शिजल्यासारखा दिसतो, पण कोशातला कृमी मरत नाही. बाहेरून येऊन या खाण्याला अडाणीपणा म्हणणारे पुष्कळ झाले. मला ते मान्य नाही. शेतात दमलेली माणसे एकत्र बसून जे खातात, ते एका पत्रकाने सुटत नाही.

1978 साली विट्टया थामाविट आणि सहकाऱ्यांनी हॅमस्टरमध्ये दाखवले की या कृमीचा संसर्ग आणि डायमिथिलनायट्रोसामीन हे रसायन दोन्ही एकत्र आले की पित्तनलिकेचा कर्करोग होतो. 1994 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या कृमीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. क्लोनॉर्किस त्या गटात गेला 2009 साली. इसानमधल्या खोन केन भागात या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक नोंदले गेले आहे.

औषध मात्र त्याआधीच हाती आले होते. जर्मनीत सत्तरच्या दशकात तयार झालेले प्राझिक्वांटेल, थायलंडमध्ये शरीराच्या वजनाच्या किलोमागे 40 मिलिग्रॅमचा एकच डोस. विष्ठेतली अंडी नाहीशी झाली की रोगी बरा, असा हिशेब रूढ झाला. हा हिशेब मला अपुरा वाटतो, आणि त्याची कारणे थाई डॉक्टरांनीच शोधली आहेत. संसर्ग असलेल्यांची सोनोग्राफी केली तेव्हा पित्ताशय मोठे दिसले, जेवणानंतर नीट आकसत नव्हते, आत गाळ साठलेला. 1993 साली एमॉर्न मैरियांग यांच्या गटाने नोंदवले की प्राझिक्वांटेलनंतरच्या महिन्यांत हे बिघाड बऱ्याच अंशी मागे फिरतात. आनंदाचीच बातमी. पित्ताशय आकसू लागले की पित्ताम्लांचा अडलेला फेरा पुन्हा वाहू लागतो. पण नलिकेभोवती तंतू साचून आलेला घट्टपणा काहींमध्ये कृमी गेल्यावरही टिकून राहतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. सोमचाई पिनलोर यांच्या हॅमस्टरवरील प्रयोगांत औषध दिल्यानंतर लगेचचा काळ खडतर दिसला. मरणाऱ्या कृमीच्या अंगातले प्रतिजन एकदम बाहेर पडतात, दाह उसळतो, ऑक्सिडेटिव्ह ताण आणि डीएनएची हानी काही काळ वाढते. म्हणून औषध वाईट ठरत नाही. एकदा घेऊन पुन्हा संसर्ग न होऊ देणे आणि दर वर्षी गोळी घेऊन पुन्हा कच्चा मासा खाणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एवढे मात्र खरे. दुसरा प्रकार इसानमध्ये सर्रास चालत आला.

पित्ताकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती 1999 साली. त्या वर्षी एकाच सुमारास तीन गटांनी दाखवले की पेशीकेंद्रातला एफएक्सआर हा ग्राही पित्ताम्ले ओळखतो. पित्ताम्ले वाढली की तो कोलेस्टेरॉलपासून ती बनवणाऱ्या मुख्य विकराची, सीवायपी7ए1ची, निर्मिती आवरतो. म्हणजे पित्ताम्ले चरबी फोडतात तशी यकृताला वर्दीही देतात. नलिका तुंबली की पित्ताम्ले मागे यकृतात आणि रक्तात चढतात, ही वर्दी भलतीकडे पोचते, आणि चरबी, साखर, दाह यांची गणिते त्याबरोबर हलतात.

नलिकेच्या पेशी एरवी बायकार्बोनेटचा पातळ थर पांघरून स्वतःला पित्ताम्लांपासून जपतात. कृमीचे चूषक तिथे जखमा करतात. वर तो ग्रॅन्युलिन नावाचे प्रथिन सोडतो, त्याने पेशींची वाढ चेतते. 2013 साली आणखी एक धागा हाती आला: संसर्ग झालेल्या हॅमस्टरच्या आतड्यातले आणि पित्तातलेही जिवाणूंचे जग बदललेले आढळले. पित्ताम्लांना चिकटलेले ग्लायसीन-टॉरीन तोडणे, त्यांची रूपे पालटणे हे जिवाणूंचेच काम. जिवाणू बदलले तर पित्ताम्लांचा मेळ तसाच राहील, असे मानायला मला जागा दिसत नाही. कृमी मेल्यावर तो मेळ कधी आणि किती पूर्ववत होतो, हे अंडी मोजून कळणार नाही. त्यासाठी रक्त, विष्ठा आणि पित्त तपासत राहावे लागेल.

आपल्याकडे हा विषय गोठ्यात भेटतो. पावसाळा सरला की तळ्याकाठच्या, पाणथळ गवतावर चरणाऱ्या म्हशींना फॅसिओला जायजँटिका हा पर्णकृमी होतो. मधला यजमान लिम्निया गोगलगाय. दूध घटते, जनावर खंगते, जबड्याखाली पाणी भरून सूज येते. पशुवैद्य औषध देतो, पण तेच गवत आणि तेच पाणी असेल तर पुढच्या हंगामात तीच सूज परत येते.

खोन केनजवळच्या लावा तलावाभोवती बानचोब श्रीपा आणि सहकाऱ्यांनी नुसते औषध पुरत नाही हे ओळखून काम केले. गोळी दिलीच, शिवाय मांजरे-कुत्री, गोगलगायी, मासे, शाळेतली मुले, स्वयंपाक करणाऱ्या बायका, सगळ्यांकडे एकाच वेळी लक्ष दिले. माणसांतला संसर्ग पुष्कळ खाली आला, तलावातल्या माशांतलाही. कोई प्ला तिथे अजून होते. मिरची, पाला, भाजलेल्या तांदळाची पूड तीच. फक्त ज्या घरांनी मनावर घेतले आहे, त्या घरांत मासा आधी चुलीवर चढतो.